मांडवातली पक्कड

आमचे प्राचार्य विद्यार्थिनींच्या लग्नात आहेर म्हणून पक्कड द्यायचे. नवी कोरी, लाल मुठीची. दुकानात उभं राहून चारपाच पकडी उघडझाप करून बघायचे आणि जिचे दात नीट मिळतात ती घ्यायचे. मग चमकीच्या कागदात गुंडाळून वर फक्त नवरीचं नाव लिहायचे. नवरदेवाचं का नाही, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तो कुठं आपल्या इथं शिकते?"

आहेर देऊन खाली उतरले असते तर ते सर कसले. जोडप्यावर अक्षता टाकून झाल्या की शेजारी उभ्या असलेल्या सासऱ्याकडे वळायचे आणि सगळ्यांदेखत विचारायचे, "परीक्षा जुलैत हाय. पाठवान ना पोरीले?" भर मांडवात, फोटोवाला समोर उभा असताना, नाही कोण म्हणणार? सासरा हसायचा, "हो हो, पाठवू ना" म्हणायचा. सर मान डोलवून जेवायच्या रांगेत जायचे. माझ्या हिशेबानं ते जेवण त्यांच्या दृष्टीनं ड्यूटीत धरलेलं असायचं.

वर्ध्याच्या बाहेर, नालवाडीच्या अंगाला, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये आमची खाजगी आयटीआय होती. अजूनही आहे. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तिथं शिकवायला लागले तेव्हा मला वाटलं होतं, आपल्याला वायरिंग शिकवायचं आहे. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वायरिंग तर ते शिकतीलच. पोट्टे शेवटपर्यंत टिकले पाहिजेत, ते तुमचं काम."

पोरं टिकत नव्हती, हे खरं होतं. दोन वर्षांचा कोर्स. सुरुवातीला वर्ग असा भरायचा की खिडकीच्या कट्ट्यावर दोघं बसायची. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघालं की रांगा विरळ व्हायच्या, मग कापूस वेचायला आणखी काही जायची. काही पोरं बुटीबोरीला किंवा थेट पुण्याला कंपनीत कंत्राटावर लागायची आणि परत यायची नाहीत. मुलींचं वेगळंच. त्या कापसाच्या दिवसांतही यायच्या, आजारी असल्या तरी यायच्या, आणि मग दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एकदम दिसेनाशा व्हायच्या. मेंदी भरलेल्या हातांचा फोटो कुणाच्या तरी स्टेटसला दिसला की कळायचं.

सरांकडे बटणांचा फोन होता, स्टेटस वगैरे त्यांना दिसायचं नाही. ते काम माझं. सकाळी आल्याआल्या विचारायचे, "मॅडम, कोणाचं काही जुळून राह्यलं का?"

त्यांची हजेरी घ्यायची पद्धत पाहून मी सुरुवातीला वैतागायचे. जे पोरगं महिनोन् महिने आलेलं नाही त्याचंही नाव ते रोज मोठ्यानं घ्यायचे, आणि ते कुठं आहे हे वर्गानं सांगायचं, असा नियम होता.

"सर, तो कापूस वेचून राह्यला."

"सर, तो मामाच्या ट्रकवर गेलता, नागपूरले दिसला."

"सर, तिच्या घरी पाहुणे येऊन राह्यले."

माहीत नसेल तर शेजारच्या गावच्या पोरानं दुसऱ्या दिवशी विचारून यायचं. अर्धा तास त्यातच जायचा. मी एकदा म्हटलं, "सर, सोडून गेलेल्यांची नावं कशाला?" तर ते म्हणाले, "मॅडम, तुमी इलेक्ट्रिकलवाल्या. वायर तुटणं अन् सुटणं यात फरक असते का नाई? ह्या सुटलेल्या हायेत." महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं, त्या हजेरीची बातमी गावोगाव जात होती. सर रोज आपलं नाव घेतात, हे कापसाच्या शेतात उभ्या असलेल्या पोराला कळत होतं. अशी काही पोरं एखाद्या सोमवारी मान खाली घालून दारात उभी राहायची. सर फक्त त्यांच्या कपाळाला उलटा हात लावून बघायचे, ताप वगैरे नाही ना म्हणून.

हे उलट्या हाताचं त्यांचं सगळीकडे होतं. कुठल्याही गोष्टीला आधी उलटा हात. तळहातानं करंट पकडला तर मूठ आवळते, उलट्या हाताला बसला तर हात फेकला जातो, हे आम्हीही शिकवतो. पण सर चहाच्या ग्लासलाही उलटा हात लावून बघायचे, कुणाच्या घराच्या कडीलाही. एकदा एका विद्यार्थ्याच्या आजोबांना नमस्कार करताना त्यांनी पायांना उलटा हात लावला, आणि म्हातारबोवा बराच वेळ स्वतःच्या पायांकडे पाहत राहिले.

सगळी पोरं परत यायची असं मात्र नाही. हिंगणीचा एक चांगला मुलगा पहिल्या वर्षानंतर पुण्याला गेला तेव्हा सर मला घेऊन त्याच्या घरी गेले. मुलाच्या वडिलांनी वांग्याचं भरीत, भाकर खाऊ घातली आणि शांतपणे सांगितलं, "सर, तो तिकडं खुश हाय. बहिणीचं शिक्षण तोच करून राह्यला. तुमच्या कागदासाठी त्याले वापस बोलावू?" सरांनी वाद घातला नाही. परतीच्या रस्त्यावर बोर अभयारण्याच्या जंगलाकडे बघत म्हणाले, "त्याचं बरोबर हाय, मॅडम." आणि थोड्या वेळानं, "माह्यंही बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी हजेरीत त्याचं नाव घेतलंच.

संस्थेचे सचिव कापडाचे व्यापारी होते. भला माणूस. पण वरून दरवर्षी विचारणा यायची की प्रवेश किती, कोर्स पूर्ण केलेले किती, त्यात मुली किती, खेड्यातले किती. आणि ते आकडे पाहून सचिवांचं डोकं दुखायचं. एकदा माझ्यासमोरच ते सरांना म्हणाले, "सर, एक करा. इलेक्ट्रिशियनले मुली घेऊच नका. लग्न करून जातात अन् टक्का आपला पडते. कारंज्याच्या पलीकडचेही घेऊ नका, त्यांले बसच भेटत नाई."

"अजून?" सरांनी विचारलं.

"शेतीवाल्यांचेही पाहूनच घ्या."

"मंग असं करू," सर म्हणाले, "कोणालेच नाई घेऊ. कोणी सोडून जाणार नाई."

सचिव हसले, पण त्या वर्षी त्यांनी विषय सोडला नाही. पुढच्या प्रवेशाआधी कमिटीची मीटिंग आहे, या बॅचच्या मुली परीक्षेला बसल्या तर ठीक, नाहीतर मुलींच्या जागा बंद करायचा ठराव मी स्वतः मांडीन, असं त्यांनी सांगून टाकलं. त्या बॅचला मुली मोजक्याच होत्या. बाकीच्यांची मला काळजी नव्हती. काळजी होती प्रणालीची, कारण तिचं लग्न ठरलं होतं.

प्रणाली सेलू तालुक्यातल्या एका खेड्यातली. बोलायची कमी. बोर्ड उघडला की तिची बोटं आधी चालायची आणि तोंड मग. तिच्या वडिलांनी दोन पोरींनंतर तिला आयटीआयला घातलं होतं, ते गावातल्या लोकांची बोलणी सोसूनच. लग्न कारंज्याला ठरलं. सासर घाडग्यांच्या कारंज्यातलं, संत्र्याची बाग, हायवेला लागून घर. पत्रिका द्यायला ती स्वतः आली. सरांनी पत्रिकेला उलटा हात लावला आणि विचारलं, "परीक्षेचं त्यांच्याशी बोलली का?"

"बाबा म्हणतात, लग्न झाल्यावर बोलू."

"बरं," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं, हे मांडवात बोलणार.

एप्रिलच्या शेवटाला लग्न. बाहेर ऊन असं की हायवेवरचे ट्रक धाब्यांच्या सावलीला रांगेत थांबलेले. मांडवात मोठमोठे कूलर, त्यांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून सूत्रसंचालन करणारा माईकवर ओरडून आहेर वाचत होता. सर स्टेजवर गेले, पुडकं प्रणालीच्या हातात दिलं, अक्षता टाकल्या आणि सासऱ्यांकडे वळून काहीतरी म्हणाले. कूलरमुळे सासऱ्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावला. सरांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. मग सरांनी शेजारच्या माणसाच्या हातातला माईक घेतला.

"पोरीची परीक्षा बाकी हाय," ते माईकवर म्हणाले. "जुलैत. सासरच्या मंडळीनं पाठवावं. एवढंच."

कुणीतरी एक कूलर बंद केला तसं मला वाटलं. तसं झालं नव्हतं, लोक गप्प झाले होते. नवरदेवाच्या मामानं तेवढ्यात पुडकं उघडलं.

"हे काय हाय?"

"पक्कड," सर म्हणाले.

"मांडवात कापाचं हत्यार आणते का कोणी? लग्न हाय का काय हाय हे?"

"कापाले नाई आणलं," सर म्हणाले, "धराले आणलं."

एरवी या वाक्यावर कुणीतरी हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. प्रणालीची सासू खुर्चीवरून उठली आणि आत गेली. प्रणाली खाली पाहत होती. तिचे वडील गर्दीतून धावत आले, सरांसमोर हात जोडून उभे राहिले. "सर, तुमचे लय उपकार हायेत. पण माह्या पोरीचा संसार सुरू होऊ द्या."

आम्ही जेवलो नाही. वर्ध्याच्या बसमध्ये सर खिडकीपाशी बसले होते. तिकीट खिशात ठेवत म्हणाले, "कूलर चालू होता म्हणून झालं, असं मले म्हणता येईन. पण तसं नाई. माईक मीच घेतला." मी त्यांना त्याआधी कधी स्वतःची चूक अशी मोजून बोलताना ऐकलं नव्हतं. एरवी ते चूक झाली की हातात असेल त्या वस्तूला बोल लावायचे, अगदी छत्रीलाही.

त्यानंतर प्रणालीचा फोन बंद. स्टेटस नाही, मेसेज नाही. मे गेला, जून गेला. तिची हजेरी लग्नाआधीच पुरेशी झाली होती, परीक्षेचा फॉर्मही भरून झाला होता. फक्त ती नव्हती. सर रोज तिचं नाव घ्यायचे आणि वर्ग काहीच उत्तर द्यायचा नाही, कारण कारंज्याचं वर्गात कुणी नव्हतं. सर त्या नावावर बोट ठेवून उभे राहायचे, मग पुढचं नाव घ्यायचे. मला रात्री झोपताना तिच्या वडिलांचे जोडलेले हात दिसायचे. ती परीक्षेला बसली नाही तर जागा जातील, हे एक. पण सरांच्या एका वाक्यानं तिचं त्या घरातलं पाऊलच अवघड झालं असेल तर? ते आम्ही कुठून भरून देणार होतो?

पेरण्या आटोपल्यावर एका रविवारी सर म्हणाले, "कारंज्याले जाऊन येऊ." मला हायसं वाटलं. आता समोरासमोर बोलता येईल, समजावता येईल.

घर सापडायला त्रास पडला नाही. सासरे बागेत होते. सासूबाईंनी आम्हाला ओसरीत बसवलं. उंच, सावळ्या, चेहऱ्यावरून काही कळू न देणाऱ्या. सर खुर्चीवर न टेकता उभेच राहिले आणि हात जोडले.

"मी माफी मागाले आलो. तुमच्या घरचं पयलं लगन होतं. मी माईक घ्याले नव्हता पाहिजे."

"बसा," त्या म्हणाल्या.

चहा आला, चिवडा आला. प्रणाली डोक्यावर पदर घेऊन आतल्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. सासूबाई मध्येच तिला म्हणाल्या, "साखर कमी हाय का विचार मॅडमले," आणि तो आवाज रागाचा नव्हता, एवढीच काय ती मला मिळालेली खूण. सर बोलत होते बागेबद्दल. कलमं कुठून आणली, पाणी कुठलं, यंदा बहार कसा धरला. मी वाट पाहत होते, आता काढतील विषय, आता काढतील. चहा संपला. सर उठले. पुन्हा एकदा हात जोडले आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.

बसथांब्यावर मी न राहवून बोलले. "सर, परीक्षेचं का नाही काढलं? इतक्या दूर आलो आपण."

"माफी मागाले आलतो."

"पण दोन्ही झालं असतं."

"नाई होत, मॅडम," ते म्हणाले. "माफीच्या पाठीवर काम लादलं का ते माफी राह्यत नाई. मंग ते हप्ता होते."

मी त्या दिवशी त्यांच्यावर खरोखर चिडले होते. इतकी वर्षं पोरींच्या सासऱ्यांना मांडवात अडवणारा माणूस, आणि जिथं अडवायला हवं तिथं संत्र्याच्या बहाराबद्दल बोलून आला.

प्रॅक्टिकलचा दिवस आला. बाहेरचे परीक्षक नागपूरहून आलेले. सचिवही सकाळपासून येऊन बसलेले. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. बाकीच्या मुली वेळेवर आल्या. प्रणालीच्या टेबलावर बोर्ड, वायर, होल्डर मांडून ठेवलेले, आणि तिथं कुणी नव्हतं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, "सुरू करायचं?" मी दाराकडे पाहिलं. सर फाटकात उभे होते, आणि ते आत येत नव्हते, म्हणून मी परीक्षकांना म्हटलं, "दोन मिनिटं, सर." दोन मिनिटं झाली. पुन्हा म्हटलं. परीक्षक चांगले होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिले.

फाटकाशी ऑटो थांबल्याचा आवाज आला. आधी सासूबाई उतरल्या, मग प्रणाली. तिनं पदर खोचलेला, पायांत चपला नाहीत, हातात चपला. तळेगावपाशी हायवेवर ट्रक आडवा झाला होता, बस अडकली, दोघी बसमधून उतरून चालत पुढं आल्या आणि मिळेल त्या गाडीनं वर्ध्याला पोचल्या, हे नंतर कळलं. तेव्हा ती फक्त धापा टाकत म्हणाली, "मॅडम, बसू देतात ना?"

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "बसा बेटा. पाणी प्या आधी."

मी तिला टेबलाशी उभं करून बाहेर आले. सासूबाई ऑफिसात बसल्या होत्या, सचिवांनी उठून त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली होती. सर दारात उभे. सासूबाईच सरांना म्हणाल्या, "तुमी त्या दिवशी लगनात बोलले तवा मले लय राग आला. मी ठरवलंच होतं, आता पाठवतच नाई. मंग तुमी घरी आले."

"हो," सर म्हणाले.

"मले वाटलं, हे आता पेपराचं काढतील. मी उत्तर तयार करून बसली होती. तुमी काढलंच नाई. संत्र्याचंच बोलले. गेल्यावरही मले वाटे, फोन येईन. तोही नाई. अन् हे पोरगी, इचा एक शब्द नाई. भांडे घासते, सैपाक करते, गप. मंग एक दिवस मीच विचारलं, काय वं, तुहा पेपर हाय तरी कवा?" त्या थांबल्या. "तर ते रडाले लागली. अशी रडली, मी तर घाबरूनच गेली. म्हटलं, चाल बाई, मीच घेऊन जातो."

सचिव टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. ते फिरवायचे थांबले.

आतून प्रणालीच्या बोर्डवरचा दिवा लागल्याचा उजेड खिडकीत दिसला. परीक्षकांनी स्विच दोनदा मारून पाहिला. त्यांच्या तोंडून "छान" असं ऐकू आलं.

प्रणाली पास झाली. कमिटीच्या मीटिंगमध्ये मुलींच्या जागांचा विषय निघाला तेव्हा सचिव म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षीही ते तेच म्हणाले. टक्का आमचा फार काही वर चढला नाही, पण जागा आहेत, आणि या वर्षी त्या सगळ्या भरल्या.

हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सर आणि मी दोघींना कारंज्याच्या बसमध्ये बसवायला गेलो. प्रणालीनं खिडकीतून हात हलवला. तिच्या सासूबाई तेवढ्यात डोळे मिटून मागे रेलल्या होत्या, दिवसभराच्या चालण्यानं थकलेल्या. बस निघून गेली. सर म्हणाले, "मॅडम, भूक लागली."

स्टँडबाहेरच्या गाडीवर त्यांनी आलुबोंडा घेतला, वर तर्री ओतून घेतली, आणि उभ्याउभ्या संपवला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. कपाळावरून घाम निथळत होता, नाक लाल झालं होतं, पण ते थांबत नव्हते. गाडीवाला त्यांना ओळखत होता. झारा हातात धरून पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, उपास होता का आज?"

"आजचा नाई," सर तोंडात घास असतानाच म्हणाले, "एप्रिलपासूनचा," आणि प्लेट पुढं केली.